ठेवीदाराला संवाद नसतात

२०२४ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये चार भागांच्या एका टीव्ही मालिकेने जे घडवलं, ते आधीच्या पंधरा वर्षांत पत्रकार, वकील, खासदार आणि न्यायालयं यांना मिळूनही जमलं नव्हतं. 'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस' ही आयटीव्हीची मालिका १ ते ४ जानेवारी अशी सलग चार रात्री दाखवली गेली. ९ तारखेला पोस्ट ऑफिसच्या माजी मुख्याधिकारी पॉला व्हेनेल्स यांनी आपला 'सीबीई' हा राजसन्मान परत करत असल्याचं जाहीर केलं. १० तारखेला पंतप्रधान ऋषी सुनक यांनी पार्लमेंटमध्ये सांगितलं, की कायदा करून शेकडो लोकांच्या शिक्षा एकगठ्ठा रद्द करू. मे महिन्यात तो कायदा झालासुद्धा.

प्रकरण थोडक्यात असं. ब्रिटनमध्ये गावोगावची पोस्टं बहुतेक वेळा एखाद्या दुकानातच असतात. दुकानदार करारावर पोस्टाचं काम करतो, त्याला सबपोस्टमास्तर म्हणतात. भारतीय वंशाची कितीतरी कुटुंबं या धंद्यात आहेत. १९९९ पासून पोस्टाने या दुकानांमध्ये 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली बसवली आणि हिशेबात तूट दिसू लागली. प्रणालीत दोष होते, पण पोस्टाचं म्हणणं ठाम होतं, की संगणक चुकत नाही, म्हणजे पैसे तुम्हीच खाल्लेत. करार असा की तूट दुकानदाराने भरायची. ज्यांनी भरली ते कंगाल झाले, ज्यांना जमलं नाही ते आरोपी झाले. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. त्यांतले सातशेच्या आसपास खटले पोस्टाने स्वतःच चालवले होते, कारण तिथे खासगी फौजदारी खटला चालवता येतो. सरे परगण्यातल्या सीमा मिश्रा यांना २०१० मध्ये तुरुंगात पाठवलं, तेव्हा त्या गरोदर होत्या. आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाला पोस्टाच्या मदतकेंद्रावरून सांगितलं जायचं, की अशी अडचण फक्त तुम्हालाच येते आहे.

यातलं काहीही गुपित नव्हतं. 'कॉम्प्युटर वीकली' या साप्ताहिकाने २००९ मध्येच प्रकरण छापलं होतं. बीबीसीच्या 'पॅनोरमा'ने २०१५ मध्ये त्यावर माहितीपट केला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणाली सदोष असल्याचा निकाल दिला, २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा एकदम रद्द केल्या. सर विन विल्यम्स यांच्या अध्यक्षतेखाली या प्रकरणाची सार्वजनिक चौकशी चालू होती, तिचं कामकाज कुणालाही घरबसल्या बघता येत होतं. तरीही बहुतेक लोकांच्या लेखी तो 'कसला तरी संगणकाचा घोळ' होता.

मालिका बघून कौतुक करणाऱ्यांनी तेव्हा एक निष्कर्ष लगेच काढला. माहितीपट डोक्याशी बोलतो, नाट्य काळजाशी, म्हणून नाट्य जिंकलं. मला हे अर्धवट वाटतं. नाट्य आपल्याकडेही कमी नाही. खऱ्या घटनांवरच्या मालिकांचा गेल्या पाच-सात वर्षांत आपल्याकडे पूर आला आहे, त्यांतल्या काही देखण्या आहेत, आणि त्यांपैकी एकीमुळेही कुणाला पदक परत करावं लागलेलं नाही. फरक नाट्याच्या ताकदीत नाही. नाट्याच्या मधोमध कोणाला उभं केलं, यात आहे.

ब्रिटिश मालिकेत मधोमध आहे अ‍ॅलन बेट्स, वेल्समधल्या एका लहानशा दुकानाचा मालक, स्वेटर घालणारा आणि जुनी कागदपत्रं जपून ठेवणारा. टोबी जोन्सने तो करताना आवाज जवळजवळ चढवलेलाच नाही. त्याच्याइतकीच महत्त्वाची आहे हॅम्पशायरमधली सबपोस्टमास्तर जो हॅमिल्टन. एका प्रसंगात ती मदतकेंद्राला फोन लावून ते सांगतील तशी बटणं दाबत जाते आणि पडद्यावरची दोन हजार पौंडांची तूट तिच्या डोळ्यांदेखत चार हजार होते. प्रत्यक्षातही हेच घडलं होतं. खून नाही, पाठलाग नाही, एक बाई, एक टेलिफोन आणि एक आकडा, आणि तरी तो प्रसंग बघताना पोटात गोळा येतो. पोस्टाचे बडे अधिकारी मालिकेत आहेत, पण बेतापुरते. त्यांची गाडी कोणती, घर केवढं, ते सिगारेट कशी ओढतात, यात लेखिकेला रस नाही.

आता आपल्याकडे या. शेअर दलाल हर्षद मेहताच्या घोटाळ्यावरची 'स्कॅम १९९२' ऑक्टोबर २०२० मध्ये आली, लोक घरात अडकलेले होते आणि दहा भाग कसे संपले ते कळलंही नाही. मालिका उत्तम आहे, ते आधीच सांगून टाकतो. प्रतीक गांधीचं काम आठवणीत राहण्यासारखं आहे, नव्वदच्या दशकाच्या उंबरठ्यावरची मुंबई तिने नेमकी उभी केली आणि शेअर बाजाराची भाषा सामान्य प्रेक्षकाला कळेल अशी केली. ती बेतली आहे सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्या पुस्तकावर, म्हणजे ज्यांनी घोटाळा उघडकीला आणला त्यांच्याच कामावर. २३ एप्रिल १९९२ ला दलाल यांची बातमी आली आणि सगळं कोसळायला सुरुवात झाली. पण लोकांच्या ओठांवर राहिलं काय? 'रिस्क है तो इश्क है'. शीर्षकसंगीत लोकांनी रिंगटोन म्हणून लावलं. मालिकेच्या नावाच्या शेपटीलाही 'द हर्षद मेहता स्टोरी' असंच होतं, सुचेता दलालची नव्हे. वरळीच्या घरासह आणि लेक्सस गाडीसह हर्षद मेहता एका नव्या पिढीचा लाडका झाला.

इथे मला कराड आठवतं.

१९९२ च्या रोखे घोटाळ्याचं यंत्र बँक रिसीटवर चालत होतं. एका बँकेने दुसरीला सरकारी रोखे विकले की प्रत्यक्ष रोख्यांऐवजी एक पावती द्यायची, रोखे मागाहून. दलालांनी यातली फट हेरली. एखादी लहान बँक हाताशी धरायची, तिच्याकडून मागे एकही रोखा नसलेल्या पावत्या काढून घ्यायच्या आणि त्यांच्या जोरावर मोठ्या बँकांचा पैसा उचलून बाजारात लावायचा. हा धंदा एकट्या हर्षदचा नव्हता, इतर दलालही त्यात होते. अशा पोकळ पावत्या देणाऱ्या ज्या दोन बँकांची नावं पुढे आली, त्यांतली एक होती बँक ऑफ कराड. सातारा जिल्ह्यातल्या गावाचं नाव मिरवणारी ही बँक १९९२ मध्येच अवसायनात निघाली. पुढे १९९४ मध्ये ती बँक ऑफ इंडियाकडे गेली. १९९२ साली बँक ठेवींना विम्याचं संरक्षण होतं तीस हजार रुपयांपर्यंत. एक लाखाची मर्यादा आली ती १९९३ च्या मे महिन्यात, म्हणजे या बँकेचं दार बंद झाल्यावर.

त्या मधल्या काळात मुलीच्या लग्नाची किंवा निवृत्तीची रक्कम तिथे ठेवून बसलेल्या माणसाने काय केलं असेल? गोष्ट इथे आहे, आणि माझ्या मते बेट्सच्या गोष्टीइतकीच मोठी आहे. मुंबईत कुठल्या तरी दलालाच्या फोनवर एक पावती फाडली जाते आणि कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या गावात एकाचं पासबुक कागदाचा तुकडा होऊन बसतं. पण कराडचा हा ठेवीदार दहापैकी एकाही भागाचा नायक नाही. त्याच्या तोंडी लक्षात राहणारं वाक्य नाही. आपल्या घोटाळ्यांच्या मालिकांमध्ये ठेवीदार असतो तो गर्दीच्या दृश्यात, शटर ठोकताना.

'स्कॅम २००३'चंही तेच. तेलगीचा बनावट मुद्रांकांचा उद्योग, नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून मिळवलेली यंत्रं, गगनदेव रियारचा मिस्कील चेहरा, सगळं चोख. पण बनावट मुद्रांकावर ज्यांचे करार झाले, त्यांच्या व्यवहारांचं पुढे काय झालं? मराठीत २०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' आली. १९७०च्या दशकातलं परभणी जिल्ह्यातलं ते भयंकर प्रकरण पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या नजरेतून सांगितलं आहे. आशुतोष गोवारीकरांचं संयत काम मला आवडलं, मराठवाड्याची बोली आणि माती खोटी वाटत नाही. तरी मालिका संपल्यावर मी ओळखीच्या काही जणांना मारल्या गेलेल्या मुली-बायकांपैकी एकीचं तरी नाव विचारलं. तपास कसा लागला ते सगळ्यांनी सांगितलं, नाव कुणालाही सांगता आलं नाही. त्यांना दोष कसा देणार? कथा ज्याच्या खांद्यावर बसून चालते, त्याचंच नाव ध्यानात राहतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो नेहमीचा, की बदमाश माणूस मुळातच रंजक असतो, भला माणूस कंटाळवाणा. हे मला पटत नाही. कागदावर बेट्सइतका कंटाळवाणा नायक शोधून सापडणार नाही. हिशेबातली तूट, कराराचं कलम, गावच्या सभागृहातल्या बैठका आणि चहा. रंजकता माणसात आयती नसते, लेखक ती त्याच्या अडचणीतून बाहेर काढतो, आणि त्याला कष्ट पडतात. ठगाच्या बाबतीत ते कष्ट ठगाने आधीच घेऊन ठेवलेले असतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आपल्याकडे जिवंत माणसावर बोट ठेवणं महाग पडतं. बदनामी हा अजूनही फौजदारी गुन्हा आहे आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात मनाईहुकूम मागायला न्यायालयात पोचतो. २०२० मध्ये 'बॅड बॉय बिलियनेअर्स' या माहितीपट-मालिकेचं जे झालं ते बघा. मल्ल्या, नीरव मोदी, सुब्रत रॉय आणि सत्यमचे रामलिंग राजू अशा चौघांवर चार भाग होते. वेगवेगळ्या न्यायालयांत अर्ज झाले. ऑक्टोबरमध्ये मालिका आली ती तीनच भागांची, राजूंचा भाग वगळून. उलट हर्षद मेहता २००१ च्या ३१ डिसेंबरला गेला आणि तेलगी २०१७ मध्ये. मेलेल्या माणसाच्या अब्रूचा दावा भरायला सहसा कोणी येत नाही. निर्माते मेलेले ठग का निवडतात, याचं निम्मं उत्तर यात आहे, आणि त्याबद्दल त्यांना सरसकट भित्रं म्हणायला माझं मन धजत नाही.

पण निम्मंच. उरलेलं निम्मं दुसऱ्या एका जोडीत दिसतं. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या बलात्कारावर आधी माहितीपट झाला, 'इंडियाज डॉटर'. मार्च २०१५ मध्ये त्याच्या प्रसारणावर भारतात बंदी आली. त्याच गुन्ह्यावर २०१९ मध्ये 'दिल्ली क्राइम' आली. तिला कुणी अडवलं नाही, आणि २०२० मध्ये तिला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला तेव्हा सगळ्यांनी अभिमानाने छाती फुगवली. मी ही तुलना सरळसोट करत नाही. माहितीपटाने शिक्षा झालेल्या एका गुन्हेगारासमोर कॅमेरा ठेवला होता, अपील प्रलंबित होतं, आणि 'त्याला व्यासपीठ कशाला?' हा प्रश्न विचारणाऱ्यांत स्त्रीवादी कार्यकर्त्याही होत्या. तरी त्यात मुलीचे आईवडील बोलत होते, आणि आरोपींचे वकील बायकांविषयी जे बोलले ते ऐकून अंगावर काटा यायचा. तो गुन्हेगार आपल्या आसपासच्या विचारांतूनच उगवला आहे, हे त्या माहितीपटातून दिसत होतं. 'दिल्ली क्राइम'मध्ये शेफाली शहाची पोलीस उपायुक्त सहा जणांना पकडून आणते आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. एका कलाकृतीने प्रश्न आपल्या दारात आणून टाकला, दुसरीने तो पोलीस ठाण्यात जमा केला. पुरस्कार कुणाला मिळाला ते वर सांगितलंच.

पीडितांना मधोमध ठेवणारी मालिका आपल्याकडे झालीच नाही असंही नाही. 'ट्रायल बाय फायर' जानेवारी २०२३ मध्ये आली. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागून ५९ माणसं गुदमरून मेली. त्यांत नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांची दोन्ही मुलं होती, उन्नती सतरा वर्षांची, उज्ज्वल तेरा. पुढची पंचवीस वर्षं हे दोघं चित्रपटगृहाच्या मालकांविरुद्ध, म्हणजे अन्सल बंधूंविरुद्ध लढत राहिले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगवासाऐवजी प्रत्येकी तीस कोटींचा दंड भरायला लावून त्यांना मोकळं केलं. पुढे पुराव्याची कागदपत्रं गहाळ केल्याच्या खटल्यात २०२१ मध्ये शिक्षा झाली. मालिका येण्याआधी सुशील अन्सल दिल्ली उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने प्रदर्शन थांबवायला नकार दिला. म्हणजे जिवंत, श्रीमंत माणसाबद्दलची मालिका कज्जा होऊनसुद्धा आली. ती येऊ शकते, हे या एका उदाहरणाने सिद्ध केलं.

आपल्या औरंगाबादच्या राजश्री देशपांडेने त्यात नीलमचं काम केलं आहे. तिच्या रडण्यापेक्षा तिचं फाइल चाळणं जास्त हलवून जातं. मालिकेची मला खटकलेली बाजूही आहे. मधले एक-दोन भाग आगीत सापडलेल्या इतरांच्या कथांकडे वळतात, तिथे लय तुटते. पण तक्रार माझी मालिकेविरुद्ध नाही. तिच्यानंतर काय झालं? काहीच नाही. न पदक परत आलं, न चित्रपटगृहांच्या अग्निसुरक्षेवर गावोगाव कुणी महापालिकेला जाब विचारला. ज्यांना मी ती बघायला सांगितली, त्यांतल्या बहुतेकांनी एक भाग बघून सोडली. कारण एकच, बघवत नाही. तीच मंडळी बाईचे तुकडे फ्रिजमध्ये सापडतात अशी काल्पनिक मालिका जेवताना बघतात.

म्हणून मला निर्मात्यांइतकंच आपल्याशीही भांडायचं आहे. मराठी वाहिन्यांवर खरं काही दाखवत नाहीत, ही आपली कायमची कुरकुर. सोनी मराठीवर २०२० मध्ये 'सावित्रीजोती' चालू होती, फुले दांपत्यावर, बऱ्यापैकी अभ्यास करून केलेली. डिसेंबरात टीआरपीअभावी गुंडाळावी लागली. मग हळहळ सुरू झाली. हळहळणाऱ्यांचे घरचे टीव्ही आदल्या अकरा महिन्यांत त्या वेळेला कुठल्या वाहिनीवर होते, हा हिशेब कुणी मांडला नाही.

आणि जे बघतो त्यावर मत कसं देतो? अभिनय अप्रतिम, पार्श्वसंगीत जबरदस्त, सहावा भाग थोडा ताणलाय, एकदा बघायला हरकत नाही. खुनाची काल्पनिक कथा आणि भोपाळची वायुगळती, दोन्हींना हाच मजकूर. भोपाळवरची 'द रेल्वे मेन' नोव्हेंबर २०२३ मध्ये आली तेव्हा के. के. मेननच्या स्टेशनमास्तरबद्दल भरभरून बोललं गेलं, मीही बोललो. त्या कथेत रेल्वे लुटणारा एक डाकू आहे, तो चक्क कल्पित आहे, यावर थोडी चर्चा झाली. मालिका चालू होती त्या वेळी भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्याच्या आवारात विषारी कचरा पडून होता. त्यातला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला हलवला, तोही उच्च न्यायालयाने खडसावल्यावर. चार तास डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकांपैकी कुणी 'आता तिथे काय आहे?' असं विचारल्याचं माझ्या कानावर आलं नाही. मालिकेनेही तो प्रश्न पुरेशा जोराने आपल्या हातात दिला नव्हता.

आयटीव्हीने तो दिला होता, आणि कसा, ते इथल्या वाहिन्यांनी शिकण्यासारखं आहे. ४ जानेवारीच्या रात्री शेवटचा भाग संपताच त्यांनी त्याच प्रकरणावरचा माहितीपट लावला, खऱ्या बेट्ससह, खऱ्या सबपोस्टमास्तरांसह. काय घडलं होतं आणि काय रचलं होतं, हे प्रेक्षकाला त्याच रात्री ताडून बघता आलं. नाट्याने पेटवलेला माणूस झोपायच्या आत वस्तुस्थितीशी बांधला गेला. याला खर्च फारसा येत नाही. आपल्याकडे मात्र सुरुवातीला दोन सेकंद एक पाटी झळकते, 'सत्य घटनांवर आधारित, मात्र पात्रं व प्रसंग काल्पनिक'. तिचा उपयोग वकिलाला होतो, बघणाऱ्याला नाही. खऱ्या घटनेवर मालिका करायची तर सोबत तासाभराचा माहितीपट द्या, निदान काय बदललं त्याची यादी द्या, अशी मागणी प्रेक्षकांनी लावून धरली तर ती अवाजवी ठरणार नाही. माहितीपट करणारे हात इथे आहेत. फिल्म्स डिव्हिजन १९४८ पासून मुंबईत होतं. आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड'साठी रमाबाई नगरच्या गोळीबारानंतरची चौदा वर्षं कॅमेरा चालू ठेवला. अशा कामाला नाट्याच्या शेजारी जागा मिळत नाही, एवढंच.

ब्रिटनच्या उदाहरणाला मी डोक्यावर घेऊन नाचत नाही. ते निवडणुकीचं वर्ष होतं, सुनक यांना लोकक्षोभ परवडणारा नव्हता. आरोप एकाच सरकारी मालकीच्या कंपनीवर होते, त्यामुळे राग कुणावर काढायचा ते स्पष्ट होतं. शिवाय शिक्षा रद्द करणं एका कायद्यात झालं, पण भरपाईची रक्कम रखडतच राहिली. जून २०२४ मध्ये बेट्स यांना 'सर' हा किताब मिळाला तेव्हा त्यांचा स्वतःचा दावासुद्धा निकाली निघालेला नव्हता. मालिका लोकांना हलवू शकते, धनादेशावर सही करायला तिला कुणी बोलावत नाही.

तरी बघायचं असेल तर विषय आपल्याकडे पडलेले आहेत. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आणले आणि खातेदाराला सुरुवातीला एक हजार रुपयेच काढता येतील असं सांगितलं. एचडीआयएल या बांधकाम कंपनीला दिलेली कर्जं एकवीस हजारांहून जास्त बनावट खात्यांआड दडवली होती. भांडुपपासून मुलुंडपर्यंत टॅक्सीवाले, पोळी-भाजी केंद्रवाल्या बायका, पेन्शनर, गृहनिर्माण सोसायट्यांचे सचिव हातात फलक धरून उभे होते. जानेवारी २०२२ मध्ये बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांना परतफेडीचा दहा वर्षांपर्यंतचा हप्ता बांधून दिला गेला. सत्तरीच्या माणसाला दहा वर्षांचा हप्ता. याच्यावर कुणी मालिका करायला घेतलीच, तर पहिल्या बैठकीत कंपनीच्या मालकांची नौका आणि विमान कुठल्या भागात दाखवायचं याची चर्चा होईल, अशी मला दाट शंका आहे. त्या बैठकीत सोसायटीच्या सचिवाचं नाव काढणाऱ्या लेखकाला पाठिंबा मिळेल की नाही, हे आपण मागच्या मालिकेवर काय बोललो होतो त्यावर ठरेल.